शिक्का दौंडला, पॅड शिरूरला

इनामगाव, ४ जानेवारी १९९९

सम्राट,

वर 'प्रिय' लिहिलं होतं, मग खोडलं. खोडलेलं दिसत असेल तर दिसू दे, कागद बदलायला मला वेळ नाही.

तुझं पत्र मिळालं. मला मिळण्याआधी ते सगळ्या गावाला मिळालं. पाकिटावर लुधियान्याच्या सायकल कंपनीचं छापील नाव, वर उडत्या घोड्याचं चित्र. मग काय, आमच्या पोस्टमनला ते पिशवीत ठेववेना. त्यानं पारावर दाखवलं, सोसायटीत दाखवलं आणि शेवटी ज्याचं होतं त्याच्या घरी आणलं. तिथंही ते आबांनी फोडलं. मी जेवत होतो. आबा मोठ्यानं वाचत होते आणि मध्येच माझ्याकडे बघून म्हणत होते, "बघ, कुठं पोचला गडी! पंजाबात! दूध-लस्सी प्यायला लागला." मला त्या दिवशीची आमटी फार तिखट लागली. आई म्हणाली, रोजचीच आहे.

तर तुला ना-हरकत दाखला पाहिजे. तुझ्याच पत्रातलं परत लिहितो, म्हणजे मला नीट समजलं हे तुला कळेल. तुमची कंपनी आणि तिथली दुसरी एक कंपनी आपापले सायकलचे संघ एक करणार. एकतीस मार्चपर्यंत ज्यांचे कागद पुरे असतील ते नव्या संघात, बाकीच्यांनी गाठोडं बांधायचं. तुझी चाचणी झाली, तू निवडला गेलास, सगळं झालं. राहिला एक कागद. जुन्या संघाच्या सेक्रेटरीनं लिहून द्यायचं, की सम्राट चांगदेव ओव्हाळ, राहणार दौंड, हा दुसऱ्या संघात जायला आमची हरकत नाही. आणि आपल्या भीमा-घोड सायकल संघाचा सेक्रेटरी कोण? इंद्रजीत पोपटराव मचाले. कॅप्टनही तोच. काय योग आहे बघ.

पत्रात तू पुलाचा एक शब्द काढला नाहीस. मीही काढणार नव्हतो, पण आता निघालाच आहे. शिरूर-दौंड-शिरूर शर्यत, दसऱ्यानंतरचा रविवार. ठरलं असं होतं, की तू माझ्यापुढं राहून वारा फोडायचा, मी तुझ्या आडोशाला राहून दम राखायचा आणि शिरूर जवळ आलं की मी सुटायचं. परतीला पारगावच्या पुलावर तूच सुटलास. आपल्या कॅप्टनला वाऱ्यात टाकून गेलास. कप तुझ्या हातात आणि मी सातवा. कमिटीनं तुला दोन शर्यती घरी बसवलं, त्यात माझं काही चुकलं असं मला वाटत नाही. मी फक्त घडलं ते सांगितलं.

असो. मी मोठ्या मनाचा माणूस आहे. तू ज्या सायकलवर शिकलास ती माझी होती, हेसुद्धा मी कुणाला सांगत फिरत नाही. दाखला देईन. माझी काही हरकत नाही.

इंद्रजीत

इनामगाव, २० जानेवारी

सम्राट,

सोबत दाखला पाठवतो आहे. अक्षर बघ कसं काढलंय. शाळेत असं काढलं असतं तर मास्तरांनी मारलं नसतं. सही आहे, तारीख आहे, गोल शिक्का आहे. आता तुझं घोडं कुठं अडायला नको.

इकडची हालहवाल. तुझ्या जागी राहू गावचा म्हाळू आलाय. तुझ्यापेक्षा छान वारा फोडतो. अरे, रुंदच आहे तो. तुझ्यामागं बसायचं म्हणजे काठीच्या सावलीला बसल्यासारखं, म्हाळूमागं भिंतीचा आडोसा. फक्त बडबड फार. न्हावऱ्यापासून पारगावपर्यंत तो त्याच्या म्हशीबद्दल बोलतो. फेब्रुवारीअखेर राहूलाच शर्यत आहे. तिथं पहिला येतो की नाही बघ.

आईनं तुझ्यासाठी संक्रांतीचा तिळगूळ काढून ठेवलाय. मला वाटीत चार वड्या, तुझ्यासाठी भरलेला डबा. "पोराला लुधियान्यात कोण देणार," म्हणते. पोराला! मी कोण आहे मग, सोसायटीचा शिपाई? डबा दाखल्याबरोबरच पाठवणार होतो, पण वाटेत मुंग्या लागतील म्हणून राहिला.

तिकडं थंडी फार असं ऐकतो. कान बांधत जा.

इंद्रजीत

इनामगाव, १४ फेब्रुवारी

सम्राट,

दाखला परत आला म्हणतोस. शिक्क्यावर 'घोडकाठ सायकल संघ, शिरूर' असं आहे, हा संघ पाच वर्षांपूर्वीच विलीन झाला, तेव्हा हा शिक्का म्हणजे मेलेल्या माणसाचा अंगठा, असं तुमचे साहेब म्हणाले. बोलायला हुशार दिसतात साहेब. आता मला काय माहीत, लुधियान्यात इतकं बारीक बघतात! घाईत झालं. जुना शिक्का खणात होता, गोल होता, उठवला.

तू म्हणशील, नवा शिक्का तर तुझ्याकडे नसतोच, मग घाईत चूक कशी होईल? म्हण. तू पत्रात ते म्हटलं नाहीस, ही तुझी जुनी सवय. गप्प राहून माणसाला खजील करायचं.

न्हावऱ्याच्या शाळेतली ती बैठक आठवते का? रांजणगावच्या टायर कंपनीचा साहेब सांगून गेला होता, की दोन तालुक्यांना दोन संघ पोसणार नाही, एक करा. तुमचा जंक्शन क्लब, आमचा घोडकाठ. चौदा गडी आणि जर्सी आठ. नावात भीमा आधी की घोड आधी, यावरच दुपार झाली. ते तुम्ही जिंकलात. कॅप्टन आणि सेक्रेटरी शिरूरचा, ते आम्ही जिंकलो. अध्यक्ष तुझे वडील. मग शिक्का कुणाकडं? अध्यक्षाकडं. तेव्हा आमचे हौसराव मामा उठले, तोंड लालबुंद. "शिक्का दौंडला चाललाय तर पॅड तरी शिरूरला ऱ्हाईल! न्हाईतर ह्यो मी चाललो!" सगळी शाळा हसली. पण मामा खरंच चप्पल घालायला लागले, तेव्हा ठराव झाला. संघाचा शिक्का जांभळ्याच शाईत उठवायचा आणि जांभळं पॅड शिरूरकडं राहायचं. म्हणजे दोन्ही तालुके समोरासमोर बसल्याशिवाय एक कागद बाहेर पडायचा नाही.

दुसऱ्या कुणी बाजारातून दुसरं पॅड आणलं असतं. पण तुझे आप्पा पडले रेल्वेतले सांधेवाले. तीस वर्षं रूळ बदलले, पण वरच्याचा हुकूम हातात आल्याशिवाय दांडा हलवला नाही. ठराव म्हणजे ठराव.

तेव्हा मला पॅड घेऊन दौंडला जावं लागणार. जाईन ना. पण सध्या गुडघा दुखतोय, कांदा काढायला आलाय आणि मावसभावाचं लग्न तोंडावर आलंय. आप्पांना घाई असेल तर त्यांनी निरोप धाडावा. त्यांचा तर काहीच निरोप नाही. त्यांना तुझी पडलेली नाही की काय?

एक सांगायचं राहिलं. आबांनी संघाचा फोटो मोठा करून फ्रेममध्ये घातला. दसऱ्याच्या शर्यतीनंतरचा तो. मध्ये तू कप घेऊन. मी कडेला होतो. फ्रेमवाल्यानं कड दुमडली, त्यात माझा अर्धा चेहरा गेला. आबा म्हणतात, "तू हायेस की, कान दिसतोय." तो फोटो आमच्या ओटीवर आहे. माझ्या घरात, जाता-येता.

इंद्रजीत

इनामगाव, ९ मार्च

सम्राट,

'दादा, पॅडचं झालं का?' एवढीच चिठ्ठी. ना गुडघ्याची चौकशी, ना कांद्याची.

राहूची शर्यत झाली. अकरावा आलो. नाचता येईना अंगण वाकडं म्हणशील, तर म्हण. पण ऐक. म्हाळूमागं वारा लागत नाही हे खरं. पण तो मागं वळून बघत नाही. तू दर दोन मिनिटांनी बघायचास, खांद्यावरून, अर्धवट. मला त्याचा राग यायचा. वाटायचं, हा माझी दमछाक मोजतोय. म्हाळू सरळ पुढं बघतो आणि म्हशीबद्दल बोलतो. राहूच्या अलीकडं मी त्याच्यापासून तुटलो, ते त्याला शर्यत संपल्यावर कळलं. तोवर तो एकटाच बोलत होता.

बक्षिसांच्या वेळी दौंडकर मंडळी मला घेरून उभी. शाबासकी द्यायला नव्हे. "सम्राट कसा हाय? पत्र येतं का? तिकडं त्याला रूम येगळी हाय म्हणं?" मी काय तुझा चपराशी आहे? पोरं तुझ्यासारखे केस कापून आली होती. तुझे केस! तुझ्या आईनं घरी कात्रीनं कापलेले!

आप्पा अध्यक्ष म्हणून खुर्चीवर होते. आता खरं सांगतो. पॅड माझ्या पिशवीत होतं. मी घरून निघताना घातलं होतं. शिक्का आप्पांच्या जेवणाच्या डब्यात असतो हे सगळ्यांना माहीत आहे आणि डबा त्यांच्या मांडीवर होता. दोघांत दोन हातांचं अंतर. मी मुद्दाम त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. त्यांनी विचारायची वाट बघत बसलो. ते म्हणाले, "गुडघा कसा हाय, इंद्रजीत?" मी म्हटलं, "बरा हाय, आप्पा." ते म्हणाले, "जप." बास. सभा संपली, डबा उचलला आणि गेले.

त्यांनी मागितलं असतं तर मी दिलं असतं. कदाचित दिलंही नसतं. पण मागायला तर हवं होतं! मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं, "इंद्रजीत, माझ्या पोरासाठी एवढं कर बाबा." तेवढ्यासाठी मी पॅड राहूपर्यंत वाहून नेलं असं समज.

जळतो मी तुझ्यावर. लिहून टाकतो एकदाचं. तुझ्या पोटऱ्यांवर जळतो, त्यांना गोळे येत नाहीत म्हणून. तुझं नाव घेताना आबांचा आवाज बदलतो, त्यावर जळतो. माझ्या आईच्या तिळगुळावर जळलो. तो डबा मी सगळा खाल्ला, गोठ्यात बसून, दोन दिवसांत. आणि सगळ्यात जास्त कशावर, तर तू कुणावरच जळत नाहीस यावर. माझी जर्सी नवी, तुझी उसवलेली, आणि तू माझी घडी करून ठेवायचास. असं कुणी असतं का रे?

पॅडचं झालेलं नाही.

इंद्रजीत

इनामगाव, २६ मार्च

सम्राट,

कार्ड कशाला टाकलंस? पाकीट महाग पडलं का लुधियान्यात?

'दादा, पुलावर बोलला होतास तेवढंच कागदावर लिही. जास्त काही नको. सम्राट.'

पोस्टमननं वाचलं, पारानं वाचलं, सोसायटीनं वाचलं. आता ज्याला त्याला एकच विचारायचंय. हौसराव मामा चहा टाकून आले. "आरं, पुलावर काय बोलला व्हतास?" म्हाळूनं राहूहून निरोप पाठवला, काय बोलला होतास? आबांनी कार्ड दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं आणि माझ्यापुढं ठेवलं.

"काय बोलला व्हतास रं?"

"काय न्हाई, आबा."

"काय न्हाई ते लिव्हायला एवढं तीन म्हैनं लागतात व्हय?"

मी उठून मळ्यात आलो. इथं मोटरीच्या खोलीत बसून लिहितोय.

तुला माहीत आहे, तरी मला एकदा लिहायचंय. मी कमिटीला घडलं ते सांगितलं असं पहिल्या पत्रात म्हटलं. अर्धंच सांगितलं. शिरूरपासून दौंडपर्यंत आणि तिथून परत पारगावपर्यंत तू एकट्यानं वारा फोडलास. मी एकदाही पुढं आलो नाही. पुलाच्या तोंडाशी माझे पाय गेले. तू मागं बघितलंस, वेग कमी केलास. मी आलो. परत तुटलो. तू परत थांबलास. मागून नगरची पोरं येताना दिसत होती. मी तुला शिवी दिली, आठवते ना? मग तू माझ्या बाजूला आलास, एका हातानं हँडल धरलंस आणि दुसरा हात माझ्या पाठीवर ठेवून मला ढकलायला लागलास.

तो हात पाठीला लागला आणि मला कळलं. तुझ्या अंगात अजून एक अख्खी शर्यत शिल्लक होती आणि माझ्यात समोरचं पुलाचं टोक गाठायची ताकदही नव्हती. पाच वर्षं मला वाटत होतं, मी पुढचा आणि तू माझा आडोसा. उलटंच होतं सगळं. मी तुझा हात झटकला आणि म्हणालो, "जा तू. माझी काय हरकत न्हाई."

तू विचारलंस, "खरंच, दादा?"

मी म्हणालो, "न्हाई म्हटलं ना!"

आणि तू गेलास.

अरे येड्या, आमच्या घरात 'हरकत नाही' म्हणतात ते हरकत असली की म्हणतात! बांधावर कुणी बैलगाडी घातली तर आबा म्हणतात, "हरकत न्हाई," आणि तो माणूस पुन्हा त्या बांधाला येत नाही. मला वाटलं तू थांबशील. हातापाया पडशील. म्हणशील, दादा, तुझ्याशिवाय नाही जात. पण तू सांधेवाल्याचा पोरगा. शब्द मिळाला, दांडा पडला, गाडी गेली.

तू शिरूरच्या रेषेवर पोचून हात वर केलेस, तेव्हा मी पारगावच्या पलीकडं रस्त्याकडेला ओकत होतो. संध्याकाळी कमिटीनं विचारलं, तुझा माणूस तुला सोडून कसा गेला? मी म्हणालो, न विचारता गेला. तू समोर बसला होतास. तू तेव्हाही गप्प बसलास. मी रोज वाट बघितली की हा आता बोलेल. म्हणून तर तुझा आणखी राग आला. पुढं दोन शर्यती घरी बसवलं म्हणून तू लुधियान्याच्या चाचणीला गेलास. म्हणजे तुला तिकडं पाठवला कुणी? मीच. कोल्ह्यानं द्राक्षं आंबट म्हणायची आणि वर स्वतःच घड उतरवून दुसऱ्याच्या ओंजळीत टाकायचा, अशी माझी गत.

जुना शिक्काही मुद्दाम मारला होता. हे तर तुला कळलंच असेल.

आज सव्वीस. हे पत्र तुला मिळेपर्यंत एकतीस तारीख उलटून गेलेली असेल. आता कबूल करून तुझा काही फायदा नाही. म्हणूनच मला एवढं मोकळेपणी लिहिता येतंय का, ते माझं मलाच कळत नाही.

इंद्रजीत

इनामगाव, १ एप्रिल

प्रिय सम्राट,

आज एक एप्रिल असला तरी यात थट्टा नाही. फॅक्स मिळाला असेल. नसेल मिळाला तर साहेबांच्या टेबलावर बघ. काल दुपारी चार वाजून पंचवीस मिनिटांनी दौंड स्टेशनसमोरच्या एसटीडी बूथमधून गेलाय. पोच माझ्या खिशात आहे.

काल सकाळी आबा गोठ्याकडं जाता जाता म्हणाले, "ते पॅड आता वाळून खडक झालं आसंल." एवढंच. माझ्याकडं बघितलंही नाही. मी डबी उघडली. खरंच खडक. वर्षात चारदा तर वापरलेलं. आई चुलीपुढनं उठली, बोटांनी दोन थेंब पाणी सोडलं, बोटानंच चोळलं आणि जांभळं बोट पदराला पुसलं. "जा," म्हणाली. मी दाखला लिहिला. आणखी एक कागद लिहिला, त्याचं पुढं सांगतो.

एसटी होती. आबांची मोटरसायकल होती. मी सायकल काढली. कारण विचारू नकोस, मला सांगता येणार नाही. पॅड जर्सीच्या मागच्या खिशात.

न्हावऱ्यापासूनच वारा सुरू झाला. मार्चअखेरचा, गरम, बाजूनं मारणारा. पाच वर्षांत त्या रस्त्याला मी कधी एकटा नव्हतो. आधी तुझी पाठ, मग म्हाळूची. वारा काय असतो ते मला काल कळलं. कानात भरतो, छातीवर बसतो, विचारसुद्धा करू देत नाही. पुलावर तर चाक जागचं सरकत होतं. मी मान खाली घालून आकडे मोजत राहिलो. मध्ये एकदा उतरलो. हो, उतरलो आणि हातात धरून चालवली. कुणी बघितलं नाही, पण तुला सांगतो.

दौंडात शिरलो तेव्हा तीन वाजून गेले होते. तुमच्या आळीच्या कोपऱ्यावर आलो आणि सवयीनं घंटी वाजवली. मग लक्षात आलं, तू कुठं आहेस बाहेर यायला? पाच वर्षं मी कोपऱ्यावरून घंटी वाजवली आणि तू पळत आलास. घर कुठलं ते ठाऊक होतं. मी आत कधी आलो नव्हतो. तूही कधी 'ये' म्हटलं नाहीस. म्हणजे म्हटलं असशील एकदा, पहिल्या वर्षी, आणि मी 'हरकत नाही, इथंच थांबतो' असं म्हटलं असेन. हो, म्हटलं होतं. आठवतंय मला.

सायकल भिंतीला लावली आणि आत आलो. तुझ्या आईनं, सोजरबाईंनी, पाणी दिलं, दोनदा भरून. मी दोन्ही वेळा सगळं प्यालो. समोर भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याच्याखाली फळीवर तुझा दसऱ्याचा कप. तो कप मी पहिल्यांदा जवळून बघितला. त्यावर 'विजेता' लिहिलंय आणि नावाची जागा कोरी आहे. तू नाव घातलं नाहीस.

आप्पा खाटेवर बसले होते. मी दाखला पुढं केला. त्यांनी चष्मा लावून, एकेका शब्दाखाली बोट फिरवत सगळा वाचला. मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवून थांबले.

"हरकत न्हाई आसं लिव्हलंयस."

"व्हय, आप्पा."

"खरंच न्हाई का?"

मला खोटं बोलायचं होतं. सोपं होतं. घड्याळात साडेतीन झाले होते.

"हाय, आप्पा," मी म्हणालो. "लई हाय."

आप्पांनी डबा उघडला. भाकरीच्या फडक्याखाली शिक्का होता.

"मग दे पॅड," ते म्हणाले. "न्हाई म्हणाला आसतास तर आज बी दिला नसता म्या."

"तुम्ही राहूला मागितलं का न्हाई?" माझ्या तोंडून निघालंच. "माझ्या पिशवीत होतं."

"ठावं व्हतं मला. पिशवी जांभळी झाली व्हती तुझी." ते हसले नाहीत. "पोराचा बाप म्हणून मागितलं आसतं, तर अध्यक्ष म्हणून शिक्का कसा मारला आसता? आन् तू दिलं आसतंस ते मला दिलं आसतंस. त्याला न्हाई."

पहिला शिक्का उठला तो अर्धा. 'भीमा' ठसठशीत आणि 'घोड' गायब. मला तेवढ्यातही झोंबलं, खोटं कशाला सांगू. मी म्हटलं, आप्पा, परत मारा. त्यांनी शिक्क्यावर तोंडाची वाफ सोडली, मी पॅड दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि त्यांनी परत मारला. घोड आलं. पुसट, पण आलं.

मग मी दुसरा कागद काढला. टायर कंपनीला आणि कमिटीला लिहिलेला. त्यात पुलावर मी तुला काय म्हणालो आणि नंतर कमिटीत काय म्हणालो, ते दोन्ही लिहिलंय. म्हटलं, यावरही शिक्का मारा. आप्पांनी वाचला, घडी केली आणि माझ्या हातात परत दिला. "ह्याला शिक्का नको. ह्याला तुझी सही पुरं." सोजरबाई चहा घेऊन आल्या. तो पिऊनच निघालो. कागद काल संध्याकाळी रांजणगावच्या पत्त्यावर टाकला. कॅप्टन कुणाला करायचं ते आता ते बघतील. म्हाळूला करू नये, एवढंच.

बूथवाल्यानं कागद मशिनीत घातला, तो इतका सावकाश आत जाई, की मला खालून ढकलावासा वाटला. पलीकडं तुमच्या साहेबांच्या खोलीत तो तसाच सावकाश बाहेर येत असेल. मूळ दाखला या पत्राबरोबर रजिस्टरनं पाठवतोय. घोड पुसट आहे म्हणून साहेबांनी काही म्हटलं, तर सांग, नदी उन्हाळ्यात तशीच असते.

परतीला वारा पडला होता. पुलावर आलो आणि मान वर करून पुढं बघितलं, सवयीनं. तुझी पाठ शोधत होतो. पुढं नुसता रस्ता होता, पार शिरूरपर्यंत.

दाखल्यात 'आमची हरकत नाही' लिहिलंय, ते संघाचं. माझं या पत्रात लिहितो, म्हणजे यावेळी तुझा घोटाळा व्हायला नको. आबा परवा फ्रेम काढून तुझा नवा फोटो लावतील, गाव तुझ्या नावाचे फटाके वाजवील आणि मी कोपऱ्यात उभा राहून जळेन, हे मला आजच दिसतंय.

माझी हरकत आहे, सम्राट. जा.

तुझा दादा,
इंद्रजीत